श्रेयाचा वाटा

सहकार्य म्हणजेच समता काय? २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत डॉ. ब्लॅलॉक यांनीं प्राणवायूच्या उणिवेनें निळ्या पडलेल्या बालिकेच्या हृदयाजवळील रक्तवाहिन्या जोडल्या. त्यांच्या पाठीमागें उभे राहून सूचना देत होते कृष्णवर्णीय विव्हियन थॉमस. कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनींच ही रीत बसविली होती. तथापि शस्त्रक्रियेस नांव लाभलें ब्लॅलॉक व कल्पना सुचविणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग यांचें. थॉमस यांस सन्मान्य डॉक्टरेट मिळाली ती १९७६ सालीं! वर्णभेद ओलांडून ब्लॅलॉक यांनीं त्यांच्या हातांवर विश्वास ठेविला, हें खरेंच थोर. परंतु आमच्या मतें, ज्याच्या कौशल्यावर विसंबावें त्यास श्रेयांत वाटा नसेल, तर तें सहकार्य अपुरेंच होय.