दया कुणाची, इच्छा कुणाची

मराठीत या गोष्टीला दोन नावं आहेत, दयामरण आणि इच्छामरण. बोलताना आपण एकाच्या जागी दुसरं सर्रास वापरतो. पण इच्छा मरणाऱ्याची असते आणि दया बघणाऱ्याची. हे मला नीट उमगलं ते अरुणा शानबाग यांचा खटला वाचताना.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच वॉर्डबॉयने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या पुन्हा उठल्याच नाहीत. २००९ साली लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अन्न देणं थांबवा, अरुणांना शांतपणे जाऊ द्या, ही त्यांची मागणी. त्यामागे कणव होती याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या बाजूला केईएमच्या परिचारिका होत्या. अन्न कुस्करून मऊ करायचं, घास तोंडाशी न्यायचा, कूस बदलायची, अंग पुसायचं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून एकदाही पाठीला जखम झाली नाही, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं. घरी आजारी माणूस सांभाळलेल्यांना कळेल, यासाठी किती हात राबले असतील. अरुणांना हिंडताफिरताना कधी न पाहिलेल्या मुलीही त्यांना भरवत होत्या. हीसुद्धा दयाच.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं ठरवलं. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाटही उघडली. निकाल मला योग्य वाटतो, पण परिचारिकांची दया मोठी ठरली म्हणून नव्हे. अरुणा स्वतः काय म्हणाल्या असत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे नुसत्या दयेच्या जोरावर घास थांबवायला माझं मन धजत नाही. अरुणा गेल्या त्या १८ मे २०१५ला, न्यूमोनियाने.

दीर्घ आजारानंतर कुणी गेलं की आपण म्हणतो, ‘सुटले बिचारे.’ त्यात आपलं सुटणंही मिसळलेलं असतं. रात्र रात्र जागलेल्या माणसाला तसं वाटलं तर त्याला कोण दोष देईल? म्हणूनच दयेला विचारायला हवं, तू जाणाऱ्याची की माझी?

इच्छा शुद्धीत असतानाच नोंदवून ठेवावी, ही सोय सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला दिली. सुरुवातीला त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं निर्णय तपासतात. यात फक्त उपचार थांबवता येतात. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आपल्याकडे आजही गुन्हा आहे.

पण इच्छा तरी निखळ असते का? ‘मला लोळागोळा करून ठेवू नका,’ असं म्हणणारी आजी घराघरांत असते. ती स्वतःसाठी बोलते की सुनेच्या कंबरदुखीसाठी? भीष्मांना इच्छामरणाचा वर होता. शरपंजरी पडल्यावर त्यांनी तो मरण लांबवायला वापरला, उत्तरायणापर्यंत. आपल्या म्हाताऱ्यांना मात्र ‘अजून थोडं थांबायचंय’ हे म्हणायचा संकोच वाटतो. कागदावर दोन्ही मावायला हवं.

वडिलांनी त्यांचा कागद करायचं ठरवलं तेव्हा लिहून घ्यायला मीच बसलो होतो. व्हेंटिलेटर नको, म्हणाले. मी पेन खाली ठेवून विचारलं, ‘बाबा, हे आमच्यासाठी म्हणताय का?’ ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. ‘थोडं तुमच्यासाठीही आहे. माझी माणसं वगळून माझी इच्छा कुठून आणू?’ मग म्हणाले, ‘लिही पुढे. घोटभर चहा तोंडाने जात असेल, तोवर तो बंद करायचा नाही.’

नोटरीकडच्या मसुद्यात असली ओळ नव्हती. बाबांनी ती घालायलाच लावली.