अंबरनाथाच्या पायाशी

हे अंबरनाथा, महादेवा,

तुझ्या देवळावरचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. तेव्हापासून वालधुनी नदीच्या काठी तू आहेस. या मुलखात लढाईने काय काय आणून टाकलं, ते तू पाहिलं आहेस. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ फौजेसाठी बराकी उठल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून उजाडून आलेली कुटुंबं राहिली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. अंबरनाथला दारूगोळ्यासाठी लागणारा धातू ओतणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आली, 1953 साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. त्या कारखान्यांच्या पगारावर आमच्या शेजारच्या पोरांची शिक्षणं झाली. तेव्हा युद्धाशी आमचा काय संबंध, असं तुझ्यापुढे आम्हाला म्हणता येणार नाही. पायऱ्या उतरून तुझ्या गाभाऱ्यात आलो आहोत, ते जगासाठी गाऱ्हाणं घालायला.

देवा, 1945 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे घेऊन कोरियाच्या मधोमध रेघ सुचवली. 38 वा अक्षांश. वर रशिया, खाली अमेरिका. त्या देशातल्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही. रेघ म्हणजे काय, हे उल्हासनगरातल्या म्हाताऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाच वर्षांनी, 25 जून 1950 ला, त्या रेघेवर युद्ध पेटलं आणि लाखो माणसं मेली. कम्युनिझम पसरवायचा की अडवायचा, हा वाद मॉस्को आणि वॉशिंग्टनचा. जळाली ती कोरियातल्या शेतकऱ्यांची घरं. मग व्हिएतनाम, मग अंगोला, मग अफगाणिस्तान. रेड्यांच्या टकरीत झाडांचा चुराडा व्हावा, तशी गरीब राष्ट्रं चिरडत गेली. त्या काळाला जगाने शीतयुद्ध म्हटलं. मेलेल्या त्या सगळ्यांना, ते कोणत्याही बाजूचे असोत, तू पदरात घे.

त्याच कोरियात आमच्या मातीतला एक माणूस उभा होता, त्याबद्दल तुझे आभार मानतो. कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाली, तेव्हा मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांहून जास्त चिनी आणि कोरियन कैदी एका बाजूला होते, तर दुसऱ्या बाजूला अमेरिकनांसह साडेतीनशेच्या आसपास. या सगळ्यांना सांभाळायचं काम भारतीय फौजेकडे आलं. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते आणि थोरात फौजेचे प्रमुख. दक्षिण कोरियाच्या सरकारने आमच्या जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं.

त्या छावण्यांत कैदीच कैद्यांना धाक घालत होते. काहींच्या अंगावर बळजबरीने घोषणा गोंदल्या होत्या. घरी जातो म्हणणाऱ्याचा जीव घेतला जाई. एकदा कैद्यांनी आमच्या एका मेजरला आत धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या संतापलेल्या जमावात गेले, बोलले आणि गोळी न झाडता त्याला बाहेर काढलं. पण पुढे आमच्याच जवानांच्या गोळीबारात काही कैदी मेले, हेही तुझ्यापुढे लपवत नाही. त्या कैद्यांनाही शांती दे आणि ज्यांच्या हातून ते घडलं त्यांनाही. शेवटी 88 माणसं अशी निघाली, ज्यांना दोन्हीकडे जायचं नव्हतं. आमची फौज 1954 च्या फेब्रुवारीत त्यांना घेऊन परतली. अमेरिकेचा आणि कम्युनिस्टांचा, दोन्ही गट भारतावर रुसले होते. दोघांचाही राग पत्करून, कैद्याला कुठे जायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं यासाठी झटण्याची ही ताकद, देवा, आम्हाला पुन्हा दे.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मरण करतो. 1938 साली ते चीनला गेले, कम्युनिस्टांच्या सैन्यातल्या जखमींवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. वीस वर्षांनी त्याच चीनची फौज हिमालयात आमच्यावर चालून आली. थोरातांनी 1960 मध्येच त्याचा इशारा दिला होता, तो कुणी मनावर घेतला नाही. महादेवा, कोटणीसांची करुणा आणि थोरातांची सावध नजर या दोन्ही आम्हाला हव्यात. एकीसाठी दुसरी टाकायला लावू नकोस.

शीतयुद्धाच्या त्या भांडणाची झळ मुंबईतल्या आमच्या गिरणगावालाही लागली. मॉस्को आणि पेकिंग यांच्या वादाने 1964 साली इथला कम्युनिस्ट पक्षही दुभंगायला हातभार लावला. काल खांद्याला खांदा लावून संप लढवलेले सोबती आज एकमेकांना गद्दार म्हणू लागले. लाल आणि भगव्या बावट्यांच्या वैरात 5 जून 1970 ला लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, तो मराठी माणसांच्याच वस्तीत. पुढे 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि कितीतरी कुटुंबं बदलापूर, अंबरनाथला राहायला आली. आज लाल बावटा धरलेल्याची आणि भगवा धरलेल्याची नातवंडं एकाच सोसायटीत राहतात, एकाच लोकलला लटकतात. त्यांच्यात जुनं वैर पुन्हा उगवू देऊ नकोस.

अफगाणिस्तानात रशियाला नमवायला जी हत्यारं पाकिस्तानातून पुरवली गेली, त्यांतली काही नंतर काश्मीरमध्ये निघाली. सातारा-कोल्हापूरच्या कितीतरी घरांनी तिरंग्यात गुंडाळलेला मुलगा परत घेतला. कुणाच्या हिशेबातली बंदूक कुणाच्या दारात वाजेल, हे ती देणाऱ्यालाही कळत नाही. त्या आईबापांना बळ दे.

आता अमेरिका आणि चीन पुन्हा समोरासमोर उभे आहेत. त्यांच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे. आमच्या राज्यकर्त्यांना असा कणा दे, की ते कुणाचे प्यादे होणार नाहीत आणि शेजारच्या लहान देशांना आपलं प्यादं करणार नाहीत. फॅक्टरीत भट्टीपुढे राबणाऱ्या हातांना अपघातापासून राख. त्यांनी घडवलेला माल सीमा राखायला लागो, दुसऱ्याचं घर जाळायला कधीच न लागो. आमच्या मुलांना मतं असू देत, ठाम असू देत, पण मतासाठी माणूस मारण्याची बुद्धी त्यांना कधी होऊ नये.

आणि उद्या कुणी बलाढ्य आमच्या दारी येऊन 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' असं विचारील, तेव्हा 'आधी सांगा, यात मरणार कोण?' हे उलट विचारायचं धैर्य आम्हा सगळ्यांना दे. एवढंच मागणं आहे.