मोडीच्या भावातील दुर्बीण

स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा आनंद इतर सर्व आनंदांहून निराळा असतो. हजार रुपयांची वस्तू हजारांस घेणारा गृहस्थ ती घरी आणून मुकाट्याने कपाटात ठेवतो. तीच वस्तू त्यास दोनशेंत मिळाली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावून तो ती दाखवितो, आणि वस्तूपेक्षा किमतीचेच वर्णन अधिक करतो. या आनंदात वस्तूच्या उपयोगाचा भाग थोडा आणि आपण कोणापेक्षा तरी शहाणे ठरलो या जाणिवेचा भाग पुष्कळ असतो. हे 'कोणी तरी' कोण, असा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी विचारीत नाही.

भाजीबाजारात हा प्रश्न फारसा बोचत नाही. तेथे दोघांसही भाव ठाऊक असतो, आणि घासाघीस ही उभयपक्षी करमणूकच असते. जुन्या दुर्बिणींच्या व्यवहारात मात्र तो तीव्र होतो, कारण दुर्बीण ही वस्तू अशी आहे की तिच्याकडे पाहून तिची किंमत कळत नाही. पेटीवर '५२५ पट मोठे दिसते' असे ठळक अक्षरांत छापलेली चकचकीत नळी बहुधा कवडीमोलाची असते. साठ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाकडून शंभर-सव्वाशे पटींपलीकडे कामाचे काही मिळत नाही. पुढे चित्र केवळ मोठे आणि धूसर होत जाते. उलट एखादी काळवंडलेली, डाग पडलेली नळी तिच्या आतील काचेमुळे अनमोल असू शकते. म्हणजे येथे खरी किंमत डोळ्यांआड असते आणि ती ओळखण्याची विद्या थोड्यांजवळच असते.

या बाजारास मालाचा पुरवठा प्रत्यक्ष आकाशच करीत असते, असे म्हटले तरी चालेल. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, १९९७ साली हेल-बॉप आला, २००३ च्या ऑगस्टात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला. अशा प्रत्येक प्रसंगी मध्यमवर्गीय घरांत दुर्बिणी आल्या आणि उत्साह ओसरताच माळ्यावर गेल्या. पुढे मुलगा नोकरीनिमित्त परगावी जातो, घर रंगवावयास काढतात, आणि माळ्यावरची पेटी खाली येते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांस आकाश दाखवीत आहे. मुंबईच्या खगोल मंडळाच्या रात्रींस शेकडो हौशी जातात. अशा मेळाव्यांत ओळखी होतात आणि त्या ओळखींतून पुष्कळ दुर्बिणी नव्या घरी जातात. या व्यवहारात देणारा आणि घेणारा दोघेही जाणते असल्यामुळे तेथे नीतीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तो उद्भवतो पेटी अजाण हातांत पडते तेव्हा.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक तलासरी तालुक्यातील एका आश्रमशाळेत आहेत. त्यांस आकाशाचा नाद आहे आणि खिसा शिक्षकाचा आहे. डहाणूपासून घोलवड-बोर्डीपर्यंतच्या समुद्रालगतच्या पट्ट्यात ज्या चिकूच्या वाड्या आहेत, त्यांतील एका वाडीवरचा जुना बंगला रिकामा होत होता. मालकीणबाई वृद्ध पारशी, यजमान निवर्तलेले. हंडे, समया, पितळी कड्या असे सर्व सामान भंगारवाल्याच्या काट्यावर चढत होते, आणि त्यातच एक पितळी दुर्बीण होती. वस्तुभिंग सुमारे तीन इंची, नळीवर लंडनच्या कारागिराचे नाव कोरलेले, सागवानी पेटी शाबूत. भंगारवाल्याने ती तोलली. साडेचार किलो भरली. बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला पाहिजे तर तुम्हीच घ्या. त्याच भावाने घ्या."

मास्तरांनी एका दिवसाची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते आमच्याकडे आले. पितळेच्या भावाच्या निदान दसपट तिची किंमत असावी, हे त्यांस कळत होते. बोलावे की न बोलावे? त्या दिवशी आमच्या बैठकीत चार-पाच सहाध्यापक जमले होते, आणि चहा दोनदा होऊनही वाद संपला नाही.

कायद्यापुरते बोलावयाचे तर उत्तर सोपे आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्टच म्हटले आहे की, बोलण्याचे कर्तव्य जेथे नाही तेथे नुसते मौन ही लबाडी नव्हे. दोन व्यापाऱ्यांपैकी एकास भावातील फेरफाराची खाजगी बातमी असली तरी ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाही, असे उदाहरणही तेथे दिले आहे. आमचे कायद्याचे प्राध्यापक एवढे सांगून निश्चिंत झाले. परंतु कायदा मनुष्यास तुरुंगाबाहेर ठेवण्यापुरता असतो; रात्री झोप लागावी म्हणून तो केलेला नाही.

दुसरे म्हणाले, ज्ञान ही कमाई आहे. मास्तरांनी वीस वर्षे पुस्तके वाचली, थंडीत रात्री जागविल्या, तेव्हा त्यांस भिंग ओळखता येऊ लागले. मग त्या कमाईचे फळ त्यांस का मिळू नये? हा युक्तिवाद वजनदार आहे आणि तो आम्ही हसून टाळू इच्छीत नाही. वैद्य, वकील, जवाहिरा हे सर्व दुसऱ्यास जे ठाऊक नाही त्यावरच पोट भरतात. पण वैद्य आपले ज्ञान रोग्याच्या कामी आणून त्याचा मोबदला घेतो. रोग्याच्या अज्ञानात घर करून त्याचे घर लिहून घेणारास आपण वैद्य म्हणत नाही.

तिसऱ्यांचा मुद्दा सर्वांत मोहक होता. दुर्बीण मास्तरांनी घेतली नाही तर ती वितळून जाणार. घेतली तर वारल्यांची मुले शनीची कडी पाहतील. बाई सधन आहेत, चार पैसे कमी आल्याने त्यांचे काय बिघडणार? या म्हणण्यात थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. आपल्या मनास जी वस्तू अतिशय हवी असते तिच्यासाठी लोककल्याणाचे कारण फार लवकर सापडते. वस्तू वितळण्यापासून वाचविण्यास एक वाक्य पुरे होते: "बाई, ही मोडीत देऊ नका." तेवढे वाक्य न बोलता केवळ दुर्बीण वाचविणे, यात वाचविण्याचे श्रेय कितपत आहे?

या वादास दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात असा प्रश्न घातला आहे: ऱ्होड्स बेटात दुष्काळ आहे, अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन प्रथम पोहोचला, मागून आणखी गलबते येत आहेत हे त्यास ठाऊक आहे, गावकऱ्यांस नाही. त्याने सांगावे की चढ्या भावाने माल विकावा? डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगावयास लावील तेवढे सांगावे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगावे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. पण आमच्या प्रकरणास त्याने सांगितलेली स्किव्होलाची गोष्ट अधिक लागू पडते. स्किव्होला शेत विकत घेत होता. मालकाने किंमत सांगितली. तो म्हणाला, 'शेत याहून अधिक किमतीचे आहे,' आणि त्याने आपण होऊन एक लाख सेस्टर्स वाढवून दिले. सिसेरो पुढे मार्मिकपणे नोंदवितो की, हे सज्जनाचे कृत्य नव्हे असे कोणीच म्हणत नाही. शहाण्याचे नव्हे असे मात्र म्हणतात. आमच्या बैठकीतही नेमके हेच घडले.

आपल्याकडे शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी धर्म शिकावयास जातो तो वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे. तप करून ज्याच्या जटेत पक्ष्यांनी घरटे बांधले, त्यास धर्म शिकविण्यास व्यासांनी ऋषी न नेमता तराजू धरणारा नेमावा, यात मोठा अर्थ आहे. ज्याचा काटा सर्वांस सारखा, तो धर्म जाणतो. भंगारवाल्याचा काटाही त्या दिवशी बरोबरच होता, साडेचार किलो म्हणजे साडेचार किलो. केवळ त्या काट्यावर वस्तूचे मोल चढत नव्हते. ते दुसऱ्या काट्यावर तोलावयाचे होते आणि तो काटा मास्तरांच्या हाती होता. भंगारवाल्याकडे आमचा रोख नाही. त्यास भिंग ठाऊक नाही. तो पितळ घेतो आणि पितळाचाच भाव देतो.

हा वाद तलासरीच्या शिक्षकाच्या बाबतीत व्हावा, याचे आम्हांस विशेष वाटले. या मुलखाचा इतिहास म्हणजे एका बाजूस भाव ठाऊक असणारे आणि दुसऱ्या बाजूस भाव ठाऊक नसणारे यांच्यातील व्यवहाराचाच इतिहास आहे. येथे गवत कापणाऱ्या आणि लाकूड तोडणाऱ्या वारल्यांस मुंबईत त्या मालाचे काय होते ते ठाऊक नव्हते. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे तेही ठाऊक नव्हते. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी ते गोदावरी व शामराव परुळेकरांसह एकत्र जमले आणि वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरविले. पुढे पाचशे रत्तल गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मागितली. भाव कळणे हाच तेथे स्वातंत्र्याचा पहिला धडा होता. आणि ही केवळ जुनी कथा नव्हे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकला त्यांच्यामुळे देशोदेशी गेली. आज एखाद्या पाड्यावरचे चित्र शंभर रुपयांस घेऊन कोणी शहरात हजारोंस विकले तर आमच्या बैठकीतील एकूणएक सभासद त्यास लुबाडणूक म्हणतील. मग पारशी बाईची दुर्बीण तशाच रीतीने घेतली तर तेवढे 'नशीब' कसे? बाई सधन म्हणून? व्यवहार तोच, फक्त आपल्या सहानुभूतीने बाजू बदलली आहे.

याचा अर्थ जुने स्वस्तात घेणे हेच वाईट, असा कोणी करू नये. दुर्बिणींच्या इतिहासातील सर्वांत फलदायी जुना सौदा विल्यम हर्शेलने केला. १७७३ साली बाथ शहरात आरसे घासण्याचा नाद सोडणाऱ्या एका क्वेकर गृहस्थाकडून त्याने साचे, हत्यारे, अर्धवट आरसे असा सगळा पसारा विकत घेतला. १७८१ च्या मार्चात स्वतः घासलेल्या आरशातून त्यास युरेनस दिसला. त्या क्वेकरास कोणी फसविले, असे आपण म्हणत नाही. आपण काय विकतो हे त्यास पुरते ठाऊक होते. पसाऱ्याची किंमत वाढली ती हर्शेलच्या मनगटाने. विसाव्या शतकात रामकृष्ण संघाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील मठात राहणाऱ्या जॉन डॉब्सनने जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून बारा इंची आरसा केला, आणि आपली सोपी बैठक पेटंट न घेता जगास देऊन टाकली. आमच्या मते खरा भेद येथे आहे. विकणाऱ्याच्या अज्ञानातून निघालेला नफा ही एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम असते. श्रमातून निघालेल्या नफ्यात जगात काही तरी नवे आलेले असते.

आणि श्रमास वाव देणारा जुना माल पुष्कळ असतो. आरशावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा समुद्राच्या हवेत काही वर्षांत निस्तेज होतो. अजाण गिऱ्हाईक त्यास मेलेला आरसा समजते, वास्तविक खालची काच शाबूत असते आणि मुलामा पुन्हा देता येतो. दोन-चार ओरखड्यांनी चित्रात फारसे उणे येत नाही. विजेरीच्या झोतात तर चांगला आरसाही भयंकर दिसतो. ताऱ्यावर रोखून किंचित पुढे-मागे केल्यास उमटणारी वर्तुळे दोन्ही बाजूंस सारखी व गोल दिसली की नि:शंक घ्यावे. भिय्‌ावे ते बुरशीस. डहाणूसारख्या ठिकाणी चार पावसाळे पेटीत बंद राहिलेल्या भिंगावर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचच खाते. ते पुसून जात नाही.

मास्तरांनी बाईंस सांगितले. बाईंनी मुंबईच्या भाच्यास कळविले, भाचा येऊन पेटी घेऊन गेला, आणि ती दुर्बीण आता एका दिवाणखान्यात शोभेस उभी आहे असे ऐकतो. आमचे तिसरे सहाध्यापक ही हकीकत अजून आम्हांस ऐकवितात: मुलांचे नुकसान झाले की नाही? झाले, यात संशय नाही. पुण्यास नायगमवालांच्या १८८८ च्या वेधशाळेतील वीस इंची दुर्बीण वेधशाळा १९१२ साली बंद झाल्यावर कोडाईकनालास गेली आणि तेथे ती उभी राहण्यास १९५१ साल उजाडले. मधल्या काळात तिच्यातून कोणी पाहिले असते तर बरे झाले असते. चांगली काच अंधारात पडून राहणे ही हानीच होय. पण ती हानी टाळण्याचा अधिकार दुसऱ्याच्या अज्ञानातून आपल्याकडे येतो, हे आम्हांस पटत नाही.

मास्तरांनी नंतर बोईसरच्या एका तरुण अभियंत्याकडून सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली. मुलामा गेला आहे, बैठकीचे वंगण गोठले आहे, हे त्याने आपणच दाखविले आणि तसाच भाव लावला. आरसा मुलाम्यास गेला आहे. बैठक थंड देशांसाठी केलेली; तेथे ध्रुवतारा पन्नास अंशांवर असतो. वीसावी अक्षवृत्तरेषा डहाणू आणि तलासरी यांच्या मधून जाते, म्हणून येथे ध्रुव अवघा वीस अंश वर, आणि बैठक तितकी खाली झुकविली की वजनाची दांडी तिपाईच्या पायावर आपटते. तलासरीचा एक सुतार त्यासाठी खाली लाकडी पाचर बसवून देणार आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी सर्व सिद्ध होईल असे मास्तर म्हणतात. मुलांस प्रथम चंद्र दाखवावा की कृत्तिका, यावर मात्र त्यांचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही.