जुने यंत्र केव्हा बंद करावे?

देह बदलला तरी आतला तोच राहतो, हे आपण कीर्तनात ऐकतो. यंत्राचे काय? अलिबागच्या एका कचेरीतला जुना सर्व्हर आम्ही आभासी केला. म्हणजे त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढून ती दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालवायला ठेवली. नक्कल उठेचना. डिस्क तीच, पण तिच्यापर्यंत नेणारा नियंत्रक नवा, आणि त्याची ओळख असलेला ड्रायव्हर तिच्यापाशी नव्हता. तो घातला, तर जुना पत्ता मिळेना. आता नसलेले नेटवर्क कार्ड त्यावर हक्क सांगत होते. सातबाऱ्यावर मयताचे नाव राहावे, तसे! ते नाव कमी केले. साहेब म्हणाले, “आता जुने बंद करा.”

माझा हात अडला. याच गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडणार, म्हणून कुलाब्याचे काम 1904 साली इथे आणले. पण नानाभाई मूस यांनी 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी निरीक्षणे चालू ठेवली, आकडे ताडले, मगच कुलाबा थांबवला. म्हणून दोन जागांची नोंद एकच मानता येते. नव्याने ‘मी तोच’ म्हणून काय होते? साक्ष जुन्यानेच द्यायची असते, आणि तीही जिवंतपणी.

जुन्याची नेटवर्कची तार काढून, रोजचे हिशेब दोन्हीकडे करून ताडायला मी महिन्याची मुदत मागितली. आठवड्याची मिळाली.