पेन्शनच्या अर्जातला शिपाई

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–१७८३) लढलेल्या पूर्वजाचा माग काढताना लष्करी कागद फार थोडी साथ देतात. ८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि हजेरीपट, पगारपत्रके, नेमणुकांचे कागद बहुतेक जळून गेले. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टनला आग लावली, त्यात आणखी काही गेले. पुढे १८९४ पासून उरलेल्या आणि इतर ठिकाणी मिळालेल्या कागदांवरून प्रत्येक शिपायाच्या नावाची कार्डे तयार करण्यात आली. ती आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कार्डावर नाव, हुद्दा, पलटण, पगार आणि फार तर आजारी असल्याची किंवा पळून गेल्याची नोंद असते. बायकामुलांचा उल्लेख नसतोच. बंदूक धरणाऱ्या हातापलीकडे लष्कराला त्या माणसाशी कर्तव्य नव्हते.

घरदार सापडते ते पेन्शनच्या अर्जांत. पेन्शन आणि इनाम जमिनीच्या अर्जांच्या अशा सुमारे ८० हजार फायली शिल्लक आहेत. १८१८ च्या कायद्याने नियमित (कॉन्टिनेन्टल) सैन्यात निदान नऊ महिने काढलेल्या आणि हलाखीत असलेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर मंजूर झाले. अर्जांचा इतका पाऊस पडला की १८२० मध्ये काँग्रेसने मालमत्तेची यादी मागितली. जोसेफ प्लम्ब मार्टिन याने त्या वेळी लिहून दिलेली यादी दोन गाई, सहा मेंढ्या आणि एका डुकरावर संपते. १७७६ मध्ये पंधराव्या वर्षी भरती झालेला हा शिपाई युद्धानंतर मेन प्रांतात शेती करत होता, आणि त्याने कसलेल्या जमिनीवर हक्क सांगायला आला तो याच युद्धातला सेनापती हेन्री नॉक्स. मार्टिनने १८३० मध्ये आपल्या आठवणी छापल्या म्हणून तो आज ओळखीचा आहे. पण संधिवाताने आजारी बायको, पाच मुले आणि वयाने काम न होणारे अंग ही हकीकत अर्जातही आहे, आणि तशी ती पुस्तक न लिहिलेल्या हजारोंच्या अर्जांत आहे. इथला न्याय उफराटा आहे: ज्याचे बरे चालले होते त्याला १८१८ मध्ये अर्ज करताच येत नव्हता, त्यामुळे कंगाल शिपायाच्या वंशजाला जास्त माहिती मिळते. रणांगणावर किंवा छावणीतल्या देवीच्या साथीत मेलेल्या पोरांबद्दल तर एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

१८३२ च्या कायद्याने गरिबीची अट काढली आणि स्थानिक मिलिशियातल्यांनाही सामावून घेतले. अर्जदाराने कोर्टात शपथेवर ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यायची: जन्म कुठे झाला, वयाची नोंद कुठे आहे, भरतीच्या वेळी राहणे कुठे होते, नंतर कुठे कुठे, स्वखुशीने गेला की दुसऱ्याच्या बदली, अधिकारी कोण होते. ‘नंतर कुठे कुठे’ या एका प्रश्नाने कित्येक कुटुंबांचा मॅसॅच्युसेट्सपासून ओहायोपर्यंतचा प्रवास कागदावर आला. मात्र सांगणारा सत्तरीपुढचा आणि घटना पन्नास वर्षांपूर्वीच्या. लढायांचा क्रम चुकतो, सेनापतींची नावे मोठी होत जातात. अधिकाऱ्यांची नावे कार्डांशी ताडून पाहावीच लागतात. एका गावात एकाच नावाचे तिघे असणेही नेहमीचे. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेक असे त्या काळी मानता येत नाही. पुष्कळदा ते नात्यात नसलेले थोरला आणि धाकटा एवढेच असत.

विधवांच्या फायली याहून श्रीमंत आहेत. १८३६ मध्ये त्यांना हक्क मिळाला तो लग्न नवऱ्याची नोकरी संपण्याआधी झाले असेल तरच. १८३८ मध्ये ही मर्यादा १७९४ पूर्वीच्या लग्नापर्यंत, १८४८ मध्ये १८०० पूर्वीच्या लग्नापर्यंत वाढली, आणि १८५३ मध्ये अटच उठली. लग्नाचा दाखला नसलेल्या बायकांनी घरच्या बायबलमधली मुलांच्या जन्मतारखांची पाने फाडून सरकारकडे पाठवली. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांतून हाताने रंगवलेली जन्मपत्रे आली. ती परत गेली नाहीत म्हणूनच टिकली. या युद्धाची शेवटची पेन्शनर विधवा, एस्थर डेमन, १९०६ मध्ये वारली.

तिथून आजपर्यंतची साखळी जोडताना १७९० ते १८४० च्या जनगणना दगा देतात: त्यांत कुटुंबप्रमुखाचेच नाव, बाकीचे फक्त आकडे. घरातल्या सगळ्यांची नावे १८५० पासून येतात, तीही गुलामांना वगळून. त्याआधीच्या मुली मृत्युपत्रांत आणि जमिनीच्या खरेदीखतांत शोधाव्या लागतात. १८९० मध्ये स्थापन झालेली ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था प्रत्येक पिढीचा पुरावा मागते. वसाहतींच्या बाजूने लढलेल्या सुमारे ५ हजार कृष्णवर्णीयांच्या वंशजांना हा पुरावा सर्वांत महाग पडतो, कारण गुलामांची नोंद आडनावाशिवाय, अनेकदा नावाशिवायही झाली. स्वतंत्र असलेल्यांचे थोडे बरे: जॉन रेडमन हा तसा एक शिपाई, आणि त्याचा वंशज म्हणून इतिहासकार हेन्री लुई गेट्स यांना २००६ मध्ये ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’चे सदस्यत्व मिळाले.