नववा प्रश्न

नैराश्य ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या दवाखान्यांत पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सर्रास वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक होती का, कशात मन रमलं का, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या घरात गेली की डॉक्टर पुढची चौकशी करतात. प्रश्नावली स्पॅनिशमध्येही आहे. पण टेक्सासच्या सीमेलगतची, सत्तरी ओलांडलेली एखादी मेक्सिकन आजी डोळ्यांपुढे आणा. शाळा दोन-तीन इयत्ताच झालेली, त्यामुळे प्रश्न वाचून दाखवावे लागतात. डॉक्टरांना स्पॅनिश येत नाही. मग सोबत आलेली नातच दुभाषी होते.

आठ प्रश्न कसेबसे पार पडतात. नववा येतो: मेलेलं बरं, असं कधी मनात आलं का? नातीची जीभ रेटत नाही. ती प्रश्न सौम्य करून, घाईघाईने विचारते. आजी लगेच 'नाही' म्हणते. ज्यांच्यासाठी जन्मभर राबली, त्यांच्यासमोर ती दुसरं काय बोलणार? कागदावर शून्य पडतं, आणि मला त्या शून्याचीच धास्ती वाटते. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाषी मोफत द्यावा, असं तिथला कायदा सांगतो. तो दिला जावा यासाठी डॉक्टरांनी हट्टच धरायला हवा.

खास वृद्धांसाठी येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात वेगळी प्रश्नावली केली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. शरीराच्या तक्रारी तिच्यातून मुद्दाम वगळल्या, कारण म्हातारपणी गुडघे दुखतात, झोप मोडते, ती नैराश्याशिवायही. विचार रास्तच होता. पण त्या मेक्सिकन आजीसारख्या कितीतरी आजी-आजोबांचं दुःख छातीवरचं दडपण, डोकेदुखी, 'नेर्व्हिओस' (मनाच्या घालमेलीला ते देतात ते स्पॅनिश नाव) अशा रूपातच दवाखान्यात येतं. म्हणून मला वाटतं, आधी दुखण्याचं निवांत ऐकून घ्यावं, कागद मागाहून काढावा.

आणि चाचणीनंतर काय? 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' अभ्यासात साठीपुढचे 1801 रुग्ण होते. निम्म्यांच्या पाठीशी नेहमीच्याच दवाखान्यात एक नर्स किंवा मानसतज्ज्ञ दिला होता. तो उपचार समजावून सांगे, फोन करून चौकशी करी, गुण आला नाही तर उपचार बदलायला लावी. वर्षभरात त्यांच्यातल्या 45 टक्क्यांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 19 टक्के होतं. मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी विमा योजना वर्षातून एकदा नैराश्याच्या चाचणीचा खर्च उचलते. म्हणजे चाचणीची सोय आहे; उरतो तो पाठपुरावा. म्हणून 'इम्पॅक्ट'मधल्यासारखा, पण स्पॅनिश बोलणारा माणूस दवाखान्याने आधी नेमावा, प्रश्नावल्या मग छापाव्यात.