भीतीलाही पुरावा हवा

भय ही माणसाला लाभलेली एक उपयुक्त देणगी आहे. विंचवाला भिणारे मूल सुखरूप राहते. परंतु विंचू डोळ्यांना दिसतो, विषाणू दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याच्या भयाला आकार देण्याचे काम कल्पनाशक्ती करीत असते. म्हणूनच एखादा नवा रोग आला, की तो कोणीतरी मुद्दाम सोडला आहे, ते एक शस्त्र आहे, अशी कुजबुज त्याच्या पाठोपाठ येतेच. धर्मग्रामातील चांगली शिकलेली मंडळीही आम्हांस विचारतात, "फादर, यात काही तथ्य असेल का?" या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा नुसते 'नाही' असे उत्तर देऊन भागणार नाही. त्यासाठी घडलेल्या गोष्टी आणि रचलेल्या गोष्टी निरनिराळ्या कराव्या लागतील.

प्रथम जे घडले ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराच्या '७३१' क्रमांकाच्या तुकडीने चीनमधील हार्बिनजवळ जिवंत कैद्यांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. १९४० साली निंगबो आणि १९४१ साली चांगदे या शहरांवर प्लेगने बाधित पिसवा विमानांतून टाकण्यात आल्या. युद्ध संपल्यावर या तुकडीचा प्रमुख शिरो इशी यास, प्रयोगांच्या माहितीच्या मोबदल्यात, अमेरिकेने अभय दिले. पुढे १९७२ साली जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला व १९७५ साली तो अमलात आला. सोव्हिएत संघाने त्यावर सही केली, आणि त्याच सुमारास 'बायोप्रेपरात' या नागरी नावाच्या आडून या अस्त्रांचा प्रचंड कारखाना उभारला. तेथील उच्चपदस्थ शास्त्रज्ञ केन अलिबेक १९९२ साली अमेरिकेत गेले आणि त्यांनी सांगितले, की देवीचा विषाणूदेखील तेथे अस्त्र म्हणून वाढवला जात होता. देवीच्या निर्मूलनासाठी ज्या देशाने लशीचे कोट्यवधी डोस जगाला दान केले, त्याच देशाची ही दुसरी बाजू होती. तेव्हा 'असले काही नसतेच' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

तथापि याच इतिहासात भयाला आवर घालणारी सामग्रीही आहे. रोगजंतू हाती असणे आणि त्याचे शस्त्र बनणे यांत मोठे अंतर असते. जपानमधील 'ओम् शिनरिक्यो' या पंथाजवळ पैसा होता, विज्ञान शिकलेले अनुयायी होते आणि दयामाया मुळीच नव्हती. १९९२ साली त्यांची मंडळी झाईरला जाऊन आली. इबोलाचा विषाणू मिळवणे हा त्यामागील हेतू होता असे मानले जाते. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १९९३ साली टोकियोत त्यांनी इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचे जंतू फवारले. दुर्गंधी सुटली, मात्र कोणी आजारी पडले नाही. अखेर १९९५ साली भुयारी रेल्वेत त्यांनी जी माणसे मारली ती विषारी वायूने, जंतूंनी नव्हे.

आणि इबोलाने खरोखर थैमान घातले, तेव्हा त्यामागे कोणाचेही शस्त्र नव्हते. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत अकरा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. हा विषाणू हवेतून सहजी पसरत नाही. रुग्णाच्या रक्ताशी व शरीरातील इतर स्रावांशी संपर्क आला म्हणजे पसरतो. तेथे डॉक्टर कमी होते, हातमोजे नव्हते, आणि आपल्या मृतांना स्वहस्ते स्नान घालून निरोप देण्याची माया मात्र घरोघरी होती. अशा वेळी गिनीतील वोमे या गावी लोकांना रोगाची माहिती देण्यास गेलेल्या पथकावर, हेच लोक रोग घेऊन आले आहेत अशा संशयाने, गावकऱ्यांनी हल्ला केला. आठ जण ठार झाले. ज्या मदतीने प्राण वाचले असते तिलाच गावाने शत्रू मानले.

आता एका रचलेल्या गोष्टीकडे वळू. तिचा आरंभ आपल्याच देशात झाला. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. पत्रलेखक म्हणे अमेरिकेतील नामवंत शास्त्रज्ञ होता. एड्सचा रोग अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत तयार केला, असा त्याचा दावा होता. १९८५ साली मॉस्कोच्या एका साप्ताहिकाने त्या पत्राचा हवाला दिला आणि पाहता पाहता ही कथा अनेक देशांत, अनेक भाषांत पोहोचली. ही सोव्हिएत गुप्तहेर खात्याची करामत होती, हे रशियाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी १९९२ साली मान्य केले. वस्तुतः आफ्रिकेतील चिंपांझींकडून हा विषाणू माणसात आला, तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच. किन्शासा येथे १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात तो सापडला आहे. प्रयोगशाळेत विषाणूची जनुके जोडण्याची विद्या तेव्हा जन्मलीही नव्हती. परंतु खुलासा झाला तरी खोटे विरले नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ निम्म्या लोकांनी एड्सचा विषाणू मानवनिर्मित असल्याचे सांगितले. आणि अशा समजुती बाळगणारे पुरुष स्वतःच्या बचावाची साधने कमी वापरतात, असेही आढळले.

त्या कथेवर लोकांचा विश्वास का बसला? कारण तिने खऱ्या पापांची उसनवारी केली होती. कृष्णवर्णीयांना अमेरिकी वैद्यकाने पूर्वी खरोखरच फसवले होते. टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंशाच्या शेकडो रुग्णांना उपचाराविना ठेवून नुसते त्यांचे निरीक्षण करण्यात आले. ज्याची अशी फसवणूक झाली, त्याने पुढच्या कथेवर विश्वास ठेवला तर त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. अफवेला आश्रय देणाऱ्या अज्ञानाइतकीच जबाबदारी, सत्य दडवून विश्वास गमावणाऱ्या सत्तेवरही येते.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. अमुक रोग प्राणघातक आहे, हे एक वैद्यकीय विधान झाले. अमुक रोग हे शस्त्र आहे, असे म्हटले, की त्या विधानात एक आरोपी येऊन बसतो. शस्त्र म्हटले की ते चालवणारा आला, त्याचा हेतू आला, त्याचा देश किंवा त्याची जात आली. असा आरोप करणारा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो, मग तो चहाच्या टपरीवर बोलत असो की हातातील मोबाइलवरून निरोप पुढे ढकलीत असो. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा तेथेही लागू होते.

कोणी म्हणेल, सावध केले तर बिघडले कुठे? बिघडते ते शेजाऱ्याचे. २०२० साली कोरोनाच्या साथीत ईशान्य भारतातील मुलामुलींना आपल्या शहरांत 'कोरोना' म्हणून हिणवण्यात आले. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर तर एका संपूर्ण समाजावर मुद्दाम रोग पसरवल्याचा ठपका ठेवला गेला; भाजीवाल्यांची नावे विचारून त्यांना माघारी धाडले गेले. त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे मत नोंदवले. पण परत पाठवलेल्या भाजीवाल्याला त्या निकालाने काय मिळाले? आपणही या देशात संख्येने थोडे आहोत. उद्या असे बोट आपल्याकडे वळले, तर शेजाऱ्याने आधी पुरावा मागावा, अशीच आपली अपेक्षा राहील.

कोरोनाच्या उगमाविषयीही भेद करून बोलणे आवश्यक आहे. तो विषाणू प्राण्यांतून आला की प्रयोगशाळेतील अपघाताने बाहेर पडला, याचा निर्णायक उलगडा झालेला नाही, आणि तो प्रश्न विचारणे रास्तच आहे. मात्र अपघात वेगळा आणि शस्त्र वेगळे. तो जैविक अस्त्र म्हणून बनवला गेला नाही, असा निष्कर्ष चीनविषयी कोणतीही माया नसलेल्या अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांनीही २०२१ साली काढला.

मग खरा आरोप सिद्ध कसा होतो? त्याचेही उदाहरण आहे. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सने, म्हणजे गुराढोरांना होणाऱ्या काळपुळीने, किमान ६६ माणसे दगावली. सरकारने दूषित मांसाकडे बोट दाखवले. पुढे मॅथ्यू मेसेल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या पथकाने तेथे जाऊन मृतांच्या आप्तांना भेटून विचारले, की तो माणूस त्या दिवसांत कोठे राहत होता, कोठे काम करीत होता. ती ठिकाणे नकाशावर मांडली, तेव्हा लष्करी केंद्रापासून निघणारा एक अरुंद पट्टा उमटला. त्याच रेषेत पुढच्या खेड्यांतील जनावरे मेली होती, आणि २ एप्रिलचा वारा नेमका त्याच दिशेने वाहत होता. हे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झाले. घटनेला तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. सत्य सांगणाऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. ते घरोघर गेले आणि त्यांनी मेलेल्यांची विचारपूस केली.

निरपराध दुःख सोसणे माणसाला फार जड जाते. कोणीतरी केले असे कळले, की रागाला निदान एक दिशा मिळते. म्हणून अपराधी शोधण्याची ही घाई आम्ही समजू शकतो. परंतु घरात रोगी असताना त्याच्या उशाशी पाणी ठेवणे, लस वेळेवर टोचून घेणे, आणि सरकार काही दडवीत असेल तर उघडपणे जाब विचारणे, ही कामे समोर असतात. ती करणाऱ्याने पुरावा हाती येईपर्यंत शेजाऱ्याच्या नावाबाबत आपली जीभ आवरावी. तेवढे प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.